आईवडिलांचं तुमच्यात काय उतरलंय? (अनुभव धागा)

कृष्णाकाठची
सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ३७ फुटांवर आहे, कोयनेतून सोडलंय म्हणे. ४० ला इशारा, ४५ ला धोका हे आम्हा गावभागातल्या लोकांना पाढ्यासारखं पाठ, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं बघितल्यापासून आम्ही ३५ लाच सामान माळ्यावर टाकायला घेतो. तर काल ट्रंक वर चढवताना झाकण उघडलं आणि आण्णांची लाल कापडी बांधणीची वही हातात आली. आण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. शर्टाची कॉलर कायम पिवळी, आई कितीही घासू दे. रोज रात्री जेवणं झाली की मला आणि दादाला दिवसाचा खर्च या वहीत लिहायला लागायचा, चार आणे असले तरी. आण्णा कधी ओरडले नाहीत, मारलं तर अजिबातच नाही, पण हिशोब जुळला नाही तर झोपायचं नाही. "पैसा गेला तर जाऊ दे, कुठं गेला ते सापडलं पाहिजे" एवढंच.

एका पानावर माझ्या गिचमिड अक्षरात "पेन्सिल ५० पैसे" आणि शेजारी आण्णांच्या लाल शाईत दोनच शब्द, "पेन्सिल दाखव". पेन्सिल नव्हतीच, शाळेबाहेरच्या मावशीकडनं चिंचेच्या गोळ्या खाल्लेल्या. दुसऱ्या दिवशी आण्णा एक शब्द बोलले नाहीत, मी पण नाही.

आज पंचेचाळीस वय आहे, शाळेत नोकरी आहे, पगार बरा आहे, आणि नवऱ्याने दिवाळीला आणलेली बाराशेची चप्पल अजून खोक्यात आहे. घालवत नाही. कुणीतरी लाल शाईने विचारेल असं वाटतं. आणि गंमत म्हणजे दादा, तीच वही, तेच आण्णा, त्याच्याकडे तीन क्रेडिट कार्डं आणि दर महिन्याला माझ्याकडे उसने. एकाच घरात हे असं कसं होतं? तुमच्याकडचं सांगा.

गच्चीवरची तुळस
काय लिहिलंस गं. कुकर लावते आणि येते, माझ्याकडे लई आहे सांगण्यासारखं

अपशिंग्याची
आमचं गाव फौजींचं, घरटी एक तरी सैन्यात. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले त्याचा स्तंभ आहे गावात, त्याच्या पायरीवर आम्ही गजगे खेळलोय. पप्पा वर्षातनं दोन महिने घरी. आले की काळी ट्रंक, त्यात कॅन्टीनचा साबण आणि सुका मेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजता आम्ही तिघं अंगणात रांगेत. नखं दाखवा, दात दाखवा. चादरीला सुरकुती चालायची नाही. धाकटा तेव्हा चार वर्षांचा, त्यानं सगळ्यांसमोर आईला विचारलं, "हा माणूस कधी जाणार?" पप्पा हसले सगळ्यांसोबत. रात्री मी पाणी प्यायला उठले तर ओट्यावर एकटेच बसलेले.

खरं वाढवलं आईनं. शेत, म्हशी, आमचा अभ्यास, बँकेत सही, सगळं. पण विचारलं की आम्ही तिघंही सांगतो की शिस्त पप्पांनी लावली. आईनं दहा महिने लावलेली शिस्त कुणाच्या लक्षातच नाही, ती जेवणासारखी रोज होती ना.

भडंग
फौजी बाप काही नाही, आमचे पैलवान होते. कराडजवळचं गाव, खाशाबा जाधवांचं गोळेश्वर तिथनं जवळच. १९५२ चं हेलसिंकीचं ब्राँझ आमच्या घरी देवाच्या गोष्टीसारखं सांगितलं जायचं. म्हातारा स्वतः जत्रेतल्या कुस्त्यांच्या पुढं गेला नाही म्हणून मी जायचं असं ठरलं, मला कुणी विचारलं नाही. पहाटे चारला तालीम, जोर, बैठका, हौद्यातली माती उकरायची, मग बदाम-थंडाईचा खुराक. त्या खुराकासाठी आईनं पाटल्या मोडल्या हे मला फार उशिरा कळलं. मला खरं म्हणजे चित्रं काढायची होती. तालमीच्या भिंतीवर कोळशानं मारुती काढला तर वस्ताद खूश, बाप नाराज.

सतराव्या वर्षी पळालो कोल्हापूरला, एका पेंटरकडे राहिलो. पाच वर्षं बाप बोलला नाही. मग एकदा दुकानात आला, बसला, चहा घेतला, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "तालमीचा बोर्ड जुना झालाय, किती घेशील?" मी म्हणलं चारशे. त्यानं खरंच चारशे रुपये मोजून दिले आणि पावती मागितली!! ती पावती त्याच्या पाकिटात सापडली तो गेल्यावर.
मोडलेले कान अजून आहेत माझे, पोरं विचारतात काय झालं.

निवांत सातारकर
@भडंग पावती 🙏 शब्द नाहीत भाऊ

मानस शिकतोय
मी मानसशास्त्र एमए करतोय म्हणून सांगतो. डायना बॉमरिंड नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६० च्या दशकात पालकांचे तीन प्रकार मांडले. एक नुसती हुकूमशाही, एक नुसते लाड, आणि एक ज्यात नियम पण आहेत आणि मुलाशी बोलणं, कारण सांगणं पण आहे. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथा घातला, लक्षच न देणारे. तिसरा प्रकार मुलांसाठी बरा असं साधारण दिसतं, पण हे आधी तिकडच्या घरांवरनं आलेलं, आपल्याकडे आजी-काका-आत्या सगळे मिळून वाढवतात, ते त्यात नीट बसत नाही.

गच्चीवरची तुळस
कुकर झाला. @मानस बाळा माझ्या आईत तुझे चारही प्रकार होते, सकाळी नळाला पाणी आलं की पहिला, दुपारी झोपेत चौथा, संध्याकाळी बाबा आले की तिसरा, आणि मामा आला की लाडच लाड 😂

माझं सांगते. आईवडील मुंबईला, बाबा माथाडी, खोली दहा बाय दहाची, म्हणून मला आणि बहिणीला आजीकडं पाटण तालुक्यात ठेवलं. आई म्हणजे रविवारी वाण्याच्या दुकानातला फोन. मी नंबर लागायची वाट बघत बरण्यांतल्या गोळ्या मोजायचे आणि फोन आला की काय बोलायचं तेच सुचायचं नाही, "जेवलीस का" "हो" "अभ्यास" "हो" "आजीला दे". आजी निरक्षर, पण आमच्या वह्या रोज बघायची, उलट्या धरून. आम्हाला माहीत होतं तिला वाचता येत नाही, तिला माहीत होतं आम्हाला माहीत आहे, तरी ती विचारायची "हे लाल कशाला केलंय बाईंनी?" आणि आम्ही खरं सांगायचो. आता माझी लेक दहावीत आहे, तिच्याशी फोनवर मला अजून जमत नाही, व्हॉट्सॅपवर पानभर लिहिते.

रावसाहेब
सगळे आईबापांना दोष द्यायला बसलेत. आमच्या वेळी छडी होती म्हणून आम्ही घडलो. आताची पोरं बघा.

निवांत सातारकर
रावसाहेब, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेतली छडी बंद झाली, मी शिक्षक आहे, छडीशिवाय वर्ग चालतो, घसा जास्त बसतो एवढंच. आणि मी पण छडीवरच घडलोय, म्हणून पन्नाशीतही केंद्रप्रमुख वर्गात आले की उजवा हात आपोआप मागं जातो.

रावसाहेब
ते खरंय. माझा डावा जायचा. मी डावखुरा होतो, मारून मारून उजव्यानं लिहायला लावलं. अजून सही दोनदा केली तर बँकेत जुळत नाही. असो.

अपशिंग्याची
@रावसाहेब तुमच्या "असो" मध्ये बरंच काही आहे काका

जवारी
मिरजेतून. आमचं घर सतारीचं. अब्बांनी मला कधीच "शिक" म्हणलं नाही. भोपळे पंढरपूरकडनं यायचे, ते निवडायला जाताना न्यायचे, आणि घरी जवारी लावताना (म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज जुळवताना) शेजारी बसवायचे. घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, आणि म्हणायचे, "ऐक." बास. परत कानस, परत ऐक. काय ऐकायचं ते सांगायचेच नाहीत. मी वैतागायचो, मला क्रिकेट खेळायला जायचं असायचं. एकदा चिडून म्हणालो आता बसतंय नीट, तर त्यांनी कानस खाली ठेवली आणि ती सतार तशीच गिऱ्हाइकाला दिली.

धंद्यात भाऊ गेला, मी नाही. मी कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. शेडमध्ये शिरलो की कुठल्या मशीनचं बेअरिंग जायला आलंय ते मला आवाजावरनं कळतं, साहेब लोक मीटर लावतात आणि मग तेच निघतं. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा भावाचा सत्कार झाला, अब्बा नव्हते. माझा पोरगा कानात हेडफोन घालून बसतो, त्याला "ऐक" म्हणायचं म्हणजे आधी ते काढायला लावा.

भडंग
@जवारी तुमच्या अब्बांनी ती सतार तशीच देऊन टाकली ते डोक्यातनं जात नाही

वडाची पारंबी
माझं लहानसं. आजोबा साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात शिकले, तिथं स्वतःचं ताट स्वतः घासायची सवय लागली. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, अजून घासतात, आम्ही नको म्हणलो तर रागावतात. त्यामुळे आमच्या घरातला एकही पुरुष ताट टाकून उठत नाही. माझ्या लग्नात जावयाच्या मानाला मुलगा बसला, जेवला, आणि आजोबा उठून ताट घेऊन निघाले म्हणून तो पण निघाला, सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं हं.
बाय द वे पाणी किती झालं आता?

कृष्णाकाठची
३६ आणि उतरतंय. सगळ्यांचं वाचलं, रात्री एक वाजेपर्यंत. दादाला लिंक पाठवली होती, त्याचा आत्ता फोन येऊन गेला. म्हणाला ते पेन्सिलचं पान तुझं नाहीच, माझं आहे. तुला त्या आठवड्यात कांजिण्या आल्या होत्या, शाळेत कुठं जात होतीस, कडुलिंबाच्या पाल्यावर झोपून पांघरुणातनं बघत होतीस फक्त. गोळ्या मी खाल्ल्या. अक्षर दोघांचं सारखंच घाण.
मी म्हणलं शक्य नाही, मला चिंचेची चव आठवतीय. तर म्हणे दोन तुला आणून दिल्या होत्या ना.
पानावर तारीख आहे. ट्रंक माळ्यावर अगदी मागं आहे, त्याच्यापुढं गादी आणि मिक्सर. बघते.