पॉझिटिव्ह आलेल्याचं नाव गल्लीच्या ग्रुपवर टाकायचं का?

पूर्वभाग_सोलापूर

जून 2025 सुरू आहे आणि कोरोना परत आलाय. देशात सक्रिय रुग्ण सात हजारांच्या वर गेल्याच्या बातम्या आहेत. आमच्या गल्लीत तो मागच्या गुरुवारी आला. शेजारच्या आजींना (तेलुगू घर आहे, आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो) चार दिवस ताप-खोकला होता. मुलाने खासगी लॅबमध्ये तपासून घेतलं, पॉझिटिव्ह निघालं. संध्याकाळी सातच्या आत त्या रिपोर्टचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पूर्ण नाव, वय, घर नंबर, सगळं. कुणी टाकला ते अजून कुणी कबूल करत नाही.

पुढचं ऐका. शुक्रवारी दूधवाल्याने पिशवी गल्लीच्या तोंडाशी खांबाला अडकवली आणि निघून गेला. घरची सून विड्या वळते. तिला विडी कारखान्याच्या ब्रँचमधून निरोप आला की पंधरा दिवस इकडे फिरकू नको. म्हणजे पंधरा दिवस पान-तंबाखू नाही आणि मजुरीही नाही. तिला साधी शिंकसुद्धा आलेली नाही. अव्वांचा ताप रिपोर्टनंतर तिसऱ्या दिवशी उतरला, आज त्या कडक भाकरी मागून खातायत. घराला लागलेला डाग मात्र उतरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 ला आणीबाणी उठवली. आमची गल्ली मात्र एप्रिल 2020 मध्येच अडकून आहे. शहरातला पहिला रुग्ण आमच्या पूर्व भागातल्या पाच्छा पेठेत निघाला, तेव्हा पूर्व भागाचं नाव सांगितलं की समोरचा दोन पावलं मागे सरायचा. मी स्वतः हे जुळे सोलापूर या उपनगरात अनुभवलंय. बांबू आणि पत्रे ठोकून बंद केलेल्या गल्ल्या इतक्यात विसरलो का आपण? बाधितांची नावं-पत्ते पसरवू नका, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच महिन्यात सांगितलं होतं.

आजार अव्वांचा आहे, तो कुणाला सांगायचा ते त्या ठरवतील. गल्लीला तो अधिकार नाही, असं माझं ठाम मत आहे.

होटगीरोड

ब्रँचने त्या ताईंची मजुरी बुडवली हे चूकच. बाकी तुमचं म्हणणं मला मान्य नाही, आणि का ते सांगतो.

माझ्या वडिलांची किडनी बदललेली आहे. शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. तुमच्या अव्वा तिसऱ्या दिवशी भाकरी खातात, माझे वडील तिसऱ्या दिवशी आयसीयूत असू शकतात.

एप्रिल 2021 मध्ये आम्ही एका साखरपुड्याला गेलो होतो. यजमानांच्या घरात दोघांना ताप होता, त्यांना ते माहीत होतं. विचारलं तर म्हणाले, वातावरण बदललंय ना, त्याचं आहे. ऑक्सिजनच्या बेडसाठी आईला गाडीत घेऊन आम्ही रात्रभर फिरलो. पंधराव्या दिवशी ती गेली. त्या लोकांनी दोन ओळींचा मेसेज टाकला असता तर आम्ही गेलोच नसतो. त्यांची अब्रू राहिली आणि माझी आई गेली. 'आजार ज्याचा, निर्णय त्याचा' हे मी पटवून घेऊ शकत नाही. संसर्गाचा आजार एकट्याचा नसतो.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड

नाव टाका नाहीतर टाकू नका, मुळात टेस्ट करायचीच कशाला? ताप आला, गोळी घ्या, पाच-सात दिवस घरी बसा. पूर्वी सर्दी-पडशाला असंच करत होतो की. आकडे वाढले की कुणीतरी बंदची भाषा काढतो. जुलै 2020 मध्ये 16 तारखेच्या रात्रीपासून 26 पर्यंत अख्खं शहर बंद होतं. माझे माग थांबले, टॉवेलची ऑर्डर गेली, कामगारांना उचल द्यायला बायकोचे दागिने गहाण टाकले. त्यातून अजून पूर्ण बाहेर आलेलो नाही. मला विषाणूपेक्षा भीतीचीच भीती वाटते.

लॅबमध्ये_बारा_वर्षं

यंत्रमागवाले दादा, तुमचं नुकसान खरं आहे. पण टेस्ट नको हे चालणार नाही. निरोगी तिशीतल्या माणसाला तुमचा सल्ला पुरेल. साखरेचा, दम्याचा, हृदयाचा रुग्ण असेल किंवा साठीच्या पुढचं माणूस असेल, तर लवकर निदान झाल्याने ऑक्सिजनवर लक्ष ठेवता येतं. आणि सध्या जे दिसतंय ते 2021 सारखं नाही. जेएन.1 हा विषाणूचा प्रकार ओमायक्रॉनच्याच कुळातला, बीए.2.86 पासून निघालेला. एप्रिल-मेमध्ये देशात सापडलेले एलएफ.7 आणि एनबी.1.8.1 हेही याच कुळातले. पसरतात जोरात, पण लस आणि आधीचे संसर्ग यांच्यामुळे बहुतेकांना आजार सौम्य होतो. बहुतेकांना म्हणतेय, सगळ्यांना नाही.

होटगीरोड, तुमच्या आईबद्दल वाचून मी थोडा वेळ थांबले. तरीही एक सांगते. ज्याचं नाव ग्रुपवर आलंय तो घरात बसलाय. ज्याने टेस्टच केली नाही तो लक्ष्मी मंडईत तुमच्या शेजारी उभा राहून मेथी निवडतोय. नावांची यादी हातात असली की उरलेले सगळे सुरक्षित असं वाटायला लागतं, आणि वडिलांसाठी तेच धोक्याचं आहे. त्यांना गर्दीत मास्क लागणारच, यादी असो नसो.

रिपोर्ट लॅबमधून बाहेर पडला असेल, तर तो आमच्या पेशाचा विश्वासघात आहे. अव्वांच्या मुलाने लेखी तक्रार करावी.

होटगीरोड

मंडईतल्या अनोळखी माणसाचं मी काय करणार? त्याच्यासाठी मास्क आहेच. माझा प्रश्न ओळखीच्या माणसाचा आहे. जो घरी येतो, वडिलांच्या पाया पडतो, त्यांच्या हातावर प्रसाद ठेवतो. घरात कुणी मास्क लावून बसत नाही.

इतिहास_शिकवतो

लपवाछपवी कशाने वाढते, हे आपल्या महाराष्ट्राने 1897 मध्येच पाहिलंय. पुण्यात प्लेगच्या वेळी गोरे सोजीर घरात घुसून रुग्ण शोधायचे. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसं दडवायला लागली, मयतसुद्धा लपवू लागली. शेवटी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

आपल्या शहराचंच घ्या. 2020 च्या मे-जूनमध्ये सोलापुरातला मृत्युदर राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त होता. त्याच जूनमध्ये आधी न नोंदवलेले 40 मृत्यू महापालिकेला एकदम यादीत घ्यावे लागले. लोक दवाखान्यात उशिरा यायचे, कारण दारावर पाटी लागेल, गल्लीला पत्रे लागतील, ही धास्ती. उशीर हेच मृत्यूंचं मोठं कारण होतं, असं मी तरी मानतो.

आशाताई_दक्षिण_सोलापूर

मी आशा सेविका आहे. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' सुरू झालं, तेव्हा रोज घरोघर फिरत होते. दार चार बोटं उघडायचं आणि आतून आवाज यायचा, "सगळे बरे आहेत ताई, पुढं जावा." मागच्या खोलीतून खोकल्याची ढास ऐकू यायची. मला कळायचं आणि त्यांनाही कळायचं की मला कळलंय. एका घरातली म्हातारी अशीच पाच दिवस दाराआड राहिली. सहाव्या दिवशी बोलावलं तेव्हा ऑक्सिजन 71 होता.

म्हणून नाव टाकण्याच्या मी विरोधात आहे. पण होटगीरोडच्या दादांचं दुखणं उडवून लावता येत नाही. मे 2021 च्या शेवटी मुख्यमंत्र्यांनी मोहोळ तालुक्यातलं घाटणे आणि आमच्याच तालुक्यातलं अंत्रोळी या गावांचं कोरोना रोखल्याबद्दल कौतुक केलं होतं. ऋतुराज देशमुख आणि कोमल करपे, दोघंही तरुण सरपंच. पण खेड्याची दुसरी बाजूही असते. तिथे कोण आजारी आहे ते लपत नाही, ग्रुप लागतच नाही. माझ्या वाडीवर दोन घरांची नावं सगळ्यांना ठाऊक होती. एका घराच्या उंबऱ्यावर रोज डबा यायचा. दुसऱ्या घराचं पाणी तोडलं होतं. गाव तेच, आजार तोच. पहिलं घर भावकीचं होतं, दुसरं पोटासाठी बाहेरून आलेलं. शहरात ग्रुपवर नाव पडलं की डबा कुणाला आणि खांबाला पिशवी कुणाला, हे असंच ठरतं. पूर्व भागातल्या विडीवाल्या बाईच्या वाट्याला काय येणार, ते दिसलंच.

दिंडीतला

थोडंच लिहितो. 2020 आणि 2021 ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आम्ही घरी बसून रडलो. यंदा आषाढी 6 जुलैला आहे, शेगावची पालखी सोलापुरातून जाईल तेव्हा लाखभर हात पुढे होतील. आमच्या दिंडीत ठरलंय की ताप असेल त्याने विणेकऱ्याच्या कानात सांगायचं, मागच्या गाडीत बसायचं. कारण कुणी विचारायचं नाही.

पूर्वभाग_सोलापूर

होटगीरोड, तुमचा पहिला प्रतिसाद मी रात्री बायकोला वाचून दाखवला. गल्लीला काहीच अधिकार नाही, असं मी लिहिलं होतं. ते आता तसंच्या तसं म्हणवत नाही. तुमच्या वडिलांसारखं माणूस शेजारी असेल तर त्याला कळायला हवं.

काल सहा घरं मिळून बसलो. असं ठरलं: ज्या घरात ताप आहे, त्या घरानेच सांगायचं की आजारपण आहे, सात दिवस येणं-जाणं नको. रिपोर्टचा फोटो नाही, रोगाचं नाव नाही, चर्चा नाही. (2022 च्या घरगुती विलगीकरणाच्या नियमात किमान सात दिवस आणि त्यातले शेवटचे तीन तापाशिवाय, असंच होतं.) ज्यांच्याकडे किडनी, कॅन्सर, असं नाजूक आजारपण आहे, त्यांना ग्रुपच्या आधी थेट फोन. आमच्या गल्लीत अशी दोन घरं निघाली. इतकी वर्षं शेजारी राहून आम्हाला माहीतच नव्हतं.

सुनेचा वळलेला माल समोरच्या अक्का ब्रँचला पोचवायला तयार आहेत. ब्रँच मात्र अजून नाहीच म्हणतेय.

होटगीरोड

आधी फोन येणार असेल तर नावाचा हट्ट मी सोडतो. पण त्या साखरपुड्याच्या घरासारखं घर असेल तर? ना मेसेज, ना फोन. अशा घराचं काय करायचं, हे इथे कुणीच सांगितलेलं नाही.

आशाताई_दक्षिण_सोलापूर

दादा, अशा घराचं नाव ग्रुपवर टाकू नका, त्या भागातल्या आशेला सांगा. दार उघडेपर्यंत आम्ही उभ्या राहतो, ती सवय आहे आम्हाला. आत गेलं की बहुतेक वेळा कळतं, की ती माणसं आजाराला नाही, रोजगार बुडेल याला घाबरलेली असतात.

पूर्वभाग, त्या ब्रँचचा पत्ता मला वेगळा पाठवा. सोमवारी शहरात माझी मीटिंग आहे, तिथून सुनेला बरोबर घेऊन जाते.