इंटेलवरून एम१ मॅकवर आलो, एकच सॉफ्टवेअर रडतंय

रात्रपाळी_७: मंडळी, जुना इंटेल प्रोसेसरवाला मॅकबुक देऊन ॲपलच्या स्वतःच्या एम१ प्रोसेसरवाला सेकंडहँड घेतला, ब्राउझर वगैरे नुसतं पळतंय, पण साउंड एडिटिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे ते पहिल्यांदा उघडलं तर आयकॉन डॉकमध्ये उड्याच मारत बसला. उघडलं कसंबसं, तर एक्स्पोर्ट जुन्या मशीनपेक्षा हळू. प्रोसेसर नवा आणि काम उलट हळू, असं कसं?

वायरबॉक्स: ते इंटेलसाठीच बनवलेलं असणार. एम१ आर्म या वेगळ्या जातीचा, त्याला इंटेलच्या सूचना कळतच नाहीत, म्हणून मध्ये ॲपलचा रोझेटा २ हा दुभाषा प्रोग्राम बसतो. पहिल्या वेळी तो प्रोग्रामचं भाषांतर करून ठेवतो म्हणून उशीर, पुढच्या वेळी तेवढा लागत नाही. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'काइंड' कॉलम बघ, इंटेल लिहिलंय की ॲपल?

रात्रपाळी_७: इंटेल 😐

कट्टेकरी: मग झालं. एक्स्पोर्टचं कारण वेगळं असू शकतं, असली सॉफ्टवेअरं इंटेलच्या एव्हीएक्स सूचनांवर (एका झटक्यात बरेच आकडे हाताळणाऱ्या) घासूनपुसून बसवलेली असतात, रोझेटाला त्या सुरुवातीला यायच्याच नाहीत, मग प्रोग्राम जुन्या हळू रस्त्याने जातो. आर्मवालं व्हर्जन आलंय का शोध. पण प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) इंटेलचेच राहिले तर बऱ्याचदा अख्खं सॉफ्टवेअर परत रोझेटातच चालवावं लागतं, तिथे बरेच जण फसतात.

वायरबॉक्स: आणि थांबू नकोस फार. २००६ ला ॲपलवाले पॉवरपीसी या जुन्या प्रोसेसरवरून इंटेलवर गेले तेव्हाही रोझेटा होताच, २०११ च्या लायन या मॅकओएस व्हर्जनमध्ये काढून टाकला. तेव्हाच्या सॉफ्टवेअरच्या माझ्या दोन सीड्या अजून कपाटात नुसत्या पडल्यात.