दवाखान्यातला ताण: तो नेमका कुठून येतो, आणि तिथेच काय करता येतं?

प्राणायाम करा, झोप पूर्ण घ्या हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला ते ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत काम करणाऱ्यांनी इथे एवढंच लिहावं: ताणाची जागा कोणती आणि तिथे काय केलं की तो हलका होतो. गाऱ्हाणी नकोत, कृती हवी.

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र (हिंगोली)

पावसाळ्यात सोयाबीन-कापसाच्या रानात सर्पदंश वाढतात, आणि दवाखान्यातली भांडणंही त्याच दिवसांत. पेशंट एक, सोबत जीपभर माणसं. "डॉक्टर नुसते उभे आहेत" असं वाटलं की वाद पेटतो. तसं वाटायच्या जागा दोन.

पहिली, रक्त गोठण्याची तपासणी. शिरेतलं २ मिली रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं अजिबात हलवायचं नसतं. (साबणानं धुतलेली नळी वापरू नका, रक्त गोठत नसल्याचा खोटा निकाल येतो.) दुसरी, एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन. भुकटीची कुपी १० मिली पाण्यात हलक्या हातानं गोल फिरवत विरघळवावी लागते. घाईनं खळखळून हलवली की फेस होतो. सुरुवातीलाच १० कुप्या लागतात म्हटल्यावर वेळ जाणारच.

म्हणून जमावातला एकच माणूस आत घ्या, शक्यतो पोलीस पाटील किंवा सरपंच. त्याला नळी दाखवा, त्याच्याच मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावायला सांगा. बाहेरची माणसं आपलं ऐकत नाहीत, त्याचं ऐकतात. रेफर करताना किती कुप्या, किती वाजता दिल्या ते चिठ्ठीवर लिहा आणि पुढच्या दवाखान्याला आधी फोन करा. नाहीतर तिथला डॉक्टर नातेवाइकांसमोरच "इतका उशीर का?" म्हणतो आणि भांडण उलट आपल्या दारात येतं.

हात उचललाच तर २०१० चा महाराष्ट्राचा कायदा आहे: गुन्हा अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. तक्रार मार खाणाऱ्या एकट्यावर सोडू नये, संस्थाप्रमुखांनी सहीनिशी द्यावी.

स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्ड (नांदेड)

ड्यूटी संपली तरी डोळा लागत नाही, कारण "ते इंजेक्शन दिलं की राहिलं?" ही शंका. ती ओव्हर देतानाच, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवतानाच, मिटवावी. टेबलावर रजिस्टर वाचून नको, खाटेजवळ उभं राहून. भरती कशासाठी, आता कसा आहे, आज काय बदललं, काय राहिलं. राहिलेलं काम घेणाऱ्या सिस्टरनं तोंडानं परत म्हणावं.

इन्सुलिनच्या सिरिंजा वेगळ्या ठेवा. लाल टोपणाची ४० ची (एका मिलीत ४० युनिट), नारिंगी टोपणाची १०० ची. ४० च्या कुपीतून नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर जातात ८ युनिट. साखर उतरत नाही, राउंडला बोलणी बसतात, आणि का ते कुणालाच कळत नाही.

पहाटे ३ ते ५ डोकं चालत नाही. दोघी असाल तर आळीपाळीनं २० मिनिटं डोळा लावा. पाऊण तास झाला तर उठल्यावर जडपणाच जास्त. शेवटचा चहा २ च्या आत. एकटी सिस्टर आणि ४० खाटा असतील तिथे यातलं काही जमत नाही, आणि तिथे उपाय माणसं वाढवणं हाच.

एएनएम (आरोग्यसेविका), उपकेंद्र (बीड)

आमचा ताण मासिक बैठकीचा. "नोंदवलेली गरोदर कुठं गेली?" ती कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेली असते. दसऱ्याआधीच आशाताईंना घेऊन यादी करा: कितवा महिना, कारखाना कोणता, मुकादमाचा नंबर. नवऱ्याचा नंबर चालेलच असं नाही, रिचार्ज संपलेला असतो. माता-बाल कार्ड तिच्याजवळ द्या, लोहाच्या गोळ्या हिशोबानं सोबत द्या आणि रजिस्टरात "स्थलांतरित" तारखेसह लिहा. ती तारीख असली की बैठकीत आवाज चढत नाही.

लॅब टेक्निशियन (परभणी)

सुई टोचली की माणूस लपवतो, ओरडा बसेल म्हणून, आणि मग महिनाभर कुढतो. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. एचआयव्ही टाळायच्या औषधाची (पीईपी) पहिली गोळी शक्यतो २ तासांत, ७२ तासांपलीकडे उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. बाधित सुईतून एचआयव्ही होण्याचा धोका हजारात सुमारे ३, हिपॅटायटिस बी चा लस न घेतलेल्याला त्याहून कितीतरी जास्त. लसीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांना. रात्री पीईपीची किल्ली कुणाकडे असते हे भिंतीवर लिहून ठेवा, कारण आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्र) संध्याकाळी बंद होतं.

समुपदेशक, जिल्हा रुग्णालय (लातूर)

बालमृत्यू किंवा मातामृत्यूनंतर लगेच चौकशी लावू नका. त्याच पाळीत १० मिनिटं बसा: काय झालं, आता कुणाला घरी सोडायचं, उद्या त्याची ड्यूटी कोण करणार. दोष कुणाचा हे त्या दिवशी नाही. दोन आठवड्यांनंतरही झोप नसेल, त्या वॉर्डात जायला पाय उचलत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फोन दवाखान्यातल्या ड्यूटी रूममधून करू नका, तिथं कानाला कान लागलेले असतात.