‘जियांगहू’ला मराठीत काय म्हणावे?

पांझराकाठ (धुळे):
आमच्या वाचनालयाच्या मंडळात चिनी युद्धकला-कादंबऱ्यांवर, म्हणजे ‘वूशिया’वर, मला बोलायचे आहे. या कथा ज्या जगात घडतात त्याचे नाव ‘जियांगहू’, शब्दशः ‘नद्या आणि सरोवरे’. हे जग नकाशात कोठे आहे, असे कोणी विचारल्यास काय सांगावे? ‘दरोडेखोरांचा मुलूख’ हा प्रतिशब्द मला खटकतो.

गिरणाथडी (चाळीसगाव):
आपल्याला खटकते ते योग्यच आहे. या कथांत येणारे चीनमधील शाओलिन मठ आणि ह्वाशान पर्वत खरोखरचे आहेत, परंतु जियांगहू म्हणजे त्यांच्यामधल्या वाटा, धर्मशाळा, नावेचे उतार आणि तेथे एकमेकांना ओळखणारी माणसे. फान चोंगयान या अधिकाऱ्याने १०४६ साली हा शब्द दरबारापासून दूर असण्याच्या अर्थाने वापरला होता, आणि तोच दुरावा कादंबऱ्यांत मुरला आहे. चिन योंग यांची १९६७ साली सुरू झालेली ‘शियाओ आओ जियांगहू’ ही कादंबरी तर मालाला सशस्त्र सोबत पुरवणाऱ्या एका पेढीपासून सुरू होते. सुरत-बऱ्हाणपूर वाट आपल्या खानदेशातूनच जात असे. त्या वाटेवरचे व्यापारी, त्यांचे राखणदार आणि बैलांवर धान्य-मीठ लादून निघालेले लमाणांचे तांडे डोळ्यांपुढे आणले, तर श्रोत्यांना हे जग परके वाटणार नाही.

सातपुडापायथा (शहादा):
वाटेचे उदाहरण मला आवडले, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण वाटेवरून माणूस घरी परततो आणि जियांगहूतून त्याला परतता येत नाही. याच कादंबरीतील ल्यू झंगफंग सोन्याच्या घंगाळात हात धुऊन निवृत्त होण्याचा समारंभ मांडतो, त्यासाठी सरकारी हुद्दाही मिळवतो. तरीही हात पाण्याला लागण्यापूर्वीच त्याला अडवले जाते आणि विरोधी पंथातील मित्राला मारण्यास नकार दिल्याबद्दल त्याच्या बायकामुलांची हत्या होते. हे करणारे दरोडेखोर नाहीत, स्वतःला धर्माच्या बाजूचे म्हणवणारे लोक आहेत. मुलूख सोडता येतो, नाते सोडता येत नाही. तेथील गुरूला मी ‘वस्ताद’ म्हणेन, कारण एका वस्तादाचे चेले एकमेकांना थोरला-धाकटा भाऊ मानतात, ही गोष्ट आपल्या तालमींत वाढलेल्यांना सांगावी लागत नाही. ‘जियांगहू’ हा शब्द मात्र तसाच ठेवावा.

पांझराकाठ (धुळे):
दोघांचेही मनापासून आभार. शब्द तसाच ठेवतो, आणि बोलण्याची सुरुवात नकाशाऐवजी त्या घंगाळापासून करतो.