प्रतिसाद: प्रतिकृती म्हणजे नुसती नक्कल नव्हे

वर कुणीतरी विचारलंय, जपानी तलवारीची नक्कल पैसे मोजून घडवून घ्यायची कशाला? मला हे अजिबात पटत नाही. होतारुमारूचंच बघा. राई कुनितोशीने १२९७ मध्ये घडवलेली ही मीटरभर लांबीची तलवार क्यूशूतल्या आसो देवस्थानाची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर शस्त्रं जमा केली गेली त्यात ती गेली, ती गेलीच. २०१५ मध्ये ती पुन्हा घडवण्यासाठी लोकवर्गणी मागितली, तर उद्दिष्टाच्या कितीतरी पट रक्कम जमली! याला नक्कल कसं म्हणणार?

घडवणाराही स्वतःला लपवत नाही. मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर तो छिन्नीने स्वतःचं नाव कोरतो. जुन्या उस्तादाचं नाव कोरून विकलं, तर ती बनावट.

घडवून घ्यायचीच असेल तर घाई करू नका. जपानमध्ये तलवार घडवणाऱ्याला पाच वर्षं उमेदवारी केल्याशिवाय परवाना नाही, आणि महिन्याला दोनच लांब तलवारी करायची मुभा. त्यात पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करताना, ते तडकलं की सगळी मेहनत वाया. पॉलिश आणि म्यान करणारे कारागीर वेगळे, त्यांचा खर्च आधीच विचारून घ्या.