अडलेलं कॅड मॉडेल नीट करून द्यावं, की का अडलं ते सांगावं?

धागाकर्ता
गेल्या महिन्यात आमच्याकडचा एक नवा मुलगा कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर पार्टचं मॉडेल काढताना, अडला आणि त्याने ओळखीच्यांकडे मदत मागितली. एबीएस प्लास्टिकचं छोटं हाउसिंग, बाहेरच्या कडांना १.५ मिमी फिलेट (कडेची गोलाई) आणि त्यावर २ मिमीचं शेल (आतून पोकळ करून तेवढ्या जाडीची भिंत ठेवणं). शेल काही होईना. एका भल्या माणसाने मॉडेल मागवून घेतलं, रात्री जागून नीट केलं आणि स्टेप फाइल पाठवली. आठवड्याने कस्टमरने भिंत २.५ मिमी करायला सांगितली. स्टेप ही नुसता आकार नेणारी फाइल; तिच्यात फीचर ट्री, म्हणजे मॉडेल घडवतानाच्या पायऱ्यांची यादी, येत नाही, त्यामुळे बदलायला हातात काहीच नव्हतं. पोराने दोन दिवस बसून पार्ट पहिल्यापासून काढला.

खरं तर कारण दोन ओळींत सांगता आलं असतं. शेल करताना प्रत्येक पृष्ठभाग जाडीइतका आत सरकतो. १.५ त्रिज्येची गोलाई २ ने आत सरकवली तर ती उरतच नाही, आणि तीन फिलेट जिथे भेटतात त्या कोपऱ्यात हिशेब अडकतो. आत १ त्रिज्या हवी असेल तर बाहेर ३ घ्यायची. भिंत कोपऱ्यातही सारखी राहते, सिंक मार्कची (जाड जागी प्लास्टिक आकसून पडणाऱ्या खळग्याची) भीती कमी होते. एवढं कळलं असतं तर २.५ चा बदल त्याने पाच मिनिटांत केला असता.

म्हणून माझं म्हणणं, नीट केलेली फाइल देऊच नये. कारण सांगावं.

टूलरूमवाला, भोसरी
अजिबात पटलं नाही. तुमच्या मुलाला दोन दिवस मिळाले. माझ्याकडे स्टील आलेलं असतं, व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन) रिकामी उभी असते आणि रात्रीच्या पाळीचा ऑपरेटर प्रोग्रामची वाट बघत असतो. त्या वेळी कुणी गोलाईचं गणित समजावायला लागलं तर मी फोन ठेवीन. मला ज्यांनी अशा रात्री मॉडेल नीट करून दिलं, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. आज मीही तसंच देतो.

शिवाय कारण दर वेळी सापडतं कुठे? परवाच ६ मिमी रुंद रिबच्या (मजबुतीसाठीच्या उभ्या पट्टीच्या) दोन्ही कडांना ३ चं फिलेट लागेना. २.९९ टाकलं, लागलं. काम पुढे गेलं. यात काय समजावणार?

धागाकर्ता
दादा, रात्रीची अडचण मान्य. पण तुमच्याच उदाहरणात कारण अगदी समोर आहे. ६ च्या रिबवर दोन्हीकडून ३ आलं की वरचा सपाट भाग शून्य रुंदीचा होतो. शून्य रुंदीचा पृष्ठभाग सॉफ्टवेअर ठेवणार कसा? २.९९ ने तिथे ०.०२ मिमीची पट्टी उरली. पडद्यावर ती दिसत नाही, पण मॉडेलमध्ये आहे. पुढे ऑफसेट घेताना (पृष्ठभाग सरकवताना) नाहीतर विश्लेषणासाठी मेश करताना (मॉडेलचे बारीक तुकडे पाडताना) तीच पट्टी पुन्हा अडवेल, आणि तेव्हा कुणाला आठवणार नाही की ती आली कुठून. तिथे फुल राउंड फिलेट, म्हणजे वरचा सगळा भाग एकाच गोलाईत घेणारं, वापरायचं.

टूलरूमवाला, भोसरी
हे मात्र कामाचं सांगितलंत. रिब उद्या बदलतो. तरी रात्री अकराला मी २.९९च टाकणार, आणि दुसऱ्यालाही तेच सांगणार.

ऑटो सप्लायरकडची
तुम्ही दोघंही फाइल देता येते असं धरून चाललाय. आमच्याकडे करारामुळे कस्टमरचं मॉडेल बाहेर जाऊच शकत नाही. मी फक्त अडलेला कोपरा नव्या फाइलमध्ये, मापं बदलून, पुन्हा काढते: तीन पृष्ठभाग, दोन फिलेट, बस. आतापर्यंत निम्म्या वेळा तरी तो काढतानाच चूक सापडली आणि विचारायची गरज उरली नाही. उरलेल्या वेळी मी तो तुकडा, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि एररचे नेमके शब्द देते. नुसत्या स्क्रीनशॉटवरून कुणी काय सांगणार? त्यावर दोन पृष्ठभागांमधली फट दिसत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं.

डिप्लोमा, तिसरं वर्ष
मी फ्रीकॅड हे मोफत कॅड सॉफ्टवेअर वापरतो. स्केचमध्ये एक रेघ वाढवली आणि फिलेट भलत्याच कडेवर गेलं. मी विचारलं तेव्हा एकाने सुधारलेली फाइल दिली. पुढच्या बदलाला पुन्हा तेच झालं. चार वेळा विचारल्यावर एका सरांनी मराठीत सांगितलं की सॉफ्टवेअर कडांना आतून नावं देतं, आकार बदलला की ती नावं सरकतात, आणि फिलेट जुन्या नावालाच धरून बसतं. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीत हा त्रास बराच कमी केलाय, आणि फिलेट शेवटी लावायची सवय ठेवली तर आणखी कमी होतो. सरांनी सांगेपर्यंत मला वाटायचं माझंच डोकं चालत नाही. मला कारण हवं होतं, आणि ते माझ्या भाषेत हवं होतं.

टूलरूमवाला, भोसरी
बाळा, तुझ्यासारख्याला मी नुसती फाइल दिली असती तर चुकलंच असतं. पण अडलेल्या मशीनवरच्या माणसाला मी आधी फाइलच देणार. फार तर ट्री शाबूत ठेवून देईन, स्टेप नाही.

धागाकर्ता
ट्रीसकट देणार असाल तर ज्या फीचरला हात लावलात त्याचं नाव बदलून तिथेच कारण लिहा. मग माझी तक्रार नाही. सकाळी तो ट्री उघडेलच.