नाव लांब आहे की साठवण आखूड?

रात्रपाळी: मी एका पतसंस्थेचा प्रॉक्समॉक्स (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणारी प्रणाली) सर्व्हर सांभाळतो. त्यावरच्या कंटेनरमधल्या (होस्टचंच कर्नल वापरणारा वेगळा कप्पा) सामायिक फोल्डरचा बॅकअप रोज रात्री आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रामने नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणपेटीवर जातो. आठवडाभर लॉगमध्ये एकच ओरड: 'फाइल नेम टू लाँग (३६)'. अडकलेली फाइल सापडली, 'वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त अंतिम दुरुस्त प्रत २', वर्डची. गंमत म्हणजे '२' नसलेली आदली प्रत बिनबोभाट गेली होती!

नॅसवरचं फोल्डर ईक्रिप्टएफएसने (फाइली आणि त्यांची नावं सांकेतिक करणारी प्रणाली) कुलूपबंद आहे, तिथे नावाला मर्यादा १४३ बाइटची. यूटीएफ-८ या अक्षर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं; काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. आदल्या नावात ४४ चिन्हं म्हणजे १३२, मोकळ्या जागा ६, रोमन एक्स्टेन्शन टिंबासकट ५. बरोब्बर १४३! वर एक जागा आणि '२', झाले १४७. माझं मत, लोकांच्या नावांना हात लावू नये, साठवण बदलावी.

जुना हिशेबनीस: साफ अमान्य. 'अंतिम दुरुस्त प्रत २' हे नाव नव्हे, कबुलीजबाब आहे. '२०२५ सभा इतिवृत्त' लिहा, पुढे तारीख. दप्तराला शिस्त नको का? नाहीतर रोमन लिपीत ठेवा, एका अक्षराला एक बाइट.

रात्रपाळी: रोमनमध्ये 'सभा' कुणी एका 'ए'ने लिहील, कुणी दोन. शोधणार कसं? आणि शिस्त कुणाला शिकवू? विंडोजवर एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था नावाची २५५ ची मर्यादा मोजते ती यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीच्या एककांत, म्हणजे मराठी चिन्हाला एकच. लिनक्सवर २५५ बाइट, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. टंकणाऱ्या बाईंच्या पडद्यावर कसलीच सूचना येत नाही. कर्जदाराचं नाव, गाव, गट क्रमांक सगळं फाइलच्या नावात, कारण तीच त्यांची शोधयादी.

टोकदार: १४३ वाली गेली म्हणताय, म्हणजे आरसिंकला 'इनप्लेस' (थेट मूळ नावाच्याच फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय) लावलेलं दिसतंय. एरवी ते आधी तात्पुरती फाइल करतं, पुढे एक टिंब, मागे टिंब आणि सहा अक्षरं. आठ बाइट वाढले असते आणि तीही आपटली असती.

रात्रपाळी: हो, लावलंय. हे मात्र डोक्यात नव्हतं.

डिस्कवाला: दोघंही चुकीच्या जागी भांडताय. कंटेनरऐवजी व्हीएम (स्वतःची वेगळी डिस्क असलेलं आभासी यंत्र) करा आणि अख्ख्या डिस्कचा बॅकअप घ्या. आतली नावं होस्टला, म्हणजे मूळ सर्व्हरला, दिसतच नाहीत. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर असेल तर त्यातून सुटी फाइलही काढता येते.

जुना हिशेबनीस: आणि सर्व्हरच जळाला तर? सभेच्या दिवशी नॅसवरून फाइल लॅपटॉपवर थेट उघडायची असते हो. आधी नवा सर्व्हर उभा करत बसायचं?

टोकदार: मग फोल्डरचं कुलूप काढून नॅसचा अख्खा व्हॉल्यूम लुक्सने (एकेक फाइल नव्हे, सगळी डिस्कच सांकेतिक करणारी लिनक्सची पद्धत) बंद करा. नावांना २५५ बाइट परत मिळतील. त्याआधी 'डब्ल्यूसी -सी' या बाइट मोजणाऱ्या आज्ञेने लांब नावं तपासा. '-एम' लावलंत तर चिन्हं मोजली जातील, बाइट नाहीत, आणि सगळं आलबेल दिसेल.

रात्रपाळी: शनिवारी व्हॉल्यूम बदलतो. तोवर बाईंना विनंती करून '२' काढून घेतला होता. आत्ता लॉग पाहिला, नवी फाइल आलीय: 'अंतिम दुरुस्त प्रत सहीसह'.

जुना हिशेबनीस: 😀